रिक्तिकेवर घेतलेली परीक्षा : एका शालेय पेशी-अभ्यास संचाचा चार महिन्यांचा अनुभव

गेल्या नोव्हेंबरात नाशिकच्या रविवार कारंजा परिसरातील शैक्षणिक साहित्याच्या एका दुकानातून मी पेशी-अभ्यासाचा एक संच विकत घेतला. त्यात एक संयुक्त सूक्ष्मदर्शक, २५ तयार स्लाइडची लाकडी पेटी, वनस्पती पेशीची प्लॅस्टिकची प्रतिकृती आणि एक मराठी माहितीपुस्तिका अशा चार वस्तू होत्या आणि सर्व मिळून किंमत ७,८०० रुपये पडली. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. घरी भाची आठवीत आहे आणि तिच्याबरोबर शेजारची तीन मुले दर रविवारी सकाळी येतात, त्यामुळे हा संच कपाटात ठेवण्यासाठी नव्हे, तर रोजच्या हाताळणीत टिकतो की नाही हे पाहण्यासाठीच घेतला होता. मार्चअखेरपर्यंत तो भरपूर वापरून झाल्यावर हा अभिप्राय लिहीत आहे.

पेशी शिकवणाऱ्या कोणत्याही साधनाची परीक्षा मी रिक्तिकेवर, म्हणजे पेशीतील पटलाने वेढलेल्या द्रवाच्या कोठीवर घेते, आणि त्यामागे कारण आहे. केंद्रक कोणताही सूक्ष्मदर्शक दाखवतो. आयोडिनचा एक थेंब टाकला की तो ठिपक्यासारखा उठून दिसतो आणि मुले समाधानाने वहीत काढतात. परंतु पूर्ण वाढ झालेल्या वनस्पती पेशीत सर्वाधिक जागा व्यापणारे अंगक केंद्रक नसून रिक्तिका असते. अनेक पेशींत तिने ८० ते ९० टक्के आकारमान व्यापलेले असते, तरीही तीच नेमकी मुलांच्या नजरेतून निसटते, कारण ती पारदर्शक असते आणि तिचे नावच तिच्यावर अन्याय करते. फ्रेंच जीवशास्त्रज्ञ दुजार्दें यांनी १८४१ मध्ये एकपेशीय जीवांतील अशा पोकळ्यांना ‘व्हॅक्युओल’ म्हटले. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ रिकामा, आणि आपल्याकडेही तोच अर्थ धरून रिक्तिका हा शब्द रुळला. ज्या कोठीत पाणी, साखर, आम्ले, क्षार, रंगद्रव्ये आणि कधीकधी विषारी द्रव्येही भरलेली असतात, तिला रिकामी म्हणणारी मुले पुढे वनस्पती कशी उभी राहते हेच समजू शकत नाहीत.

प्रतिकृतीपासून सुरुवात करते, कारण संचातील सर्वांत कच्ची वस्तू तीच आहे. पेशीभित्तिका हिरवी, हरितलवके ठसठशीत, तंतुकणिका आतील घड्यांसह दाखवलेल्या. या सर्व गोष्टी नीटनेटक्या आहेत. परंतु रिक्तिका म्हणून केंद्रकाएवढा एक निळा गोळा कोपऱ्यात चिकटवला आहे आणि केंद्रक मात्र ऐटीत मध्यभागी बसवला आहे. प्रत्यक्षात परिपक्व पेशीत याच्या उलट असते. मध्यवर्ती रिक्तिका इतकी फुगलेली असते की पेशीद्रव्य भित्तिकेलगत पातळ थरासारखे उरते आणि केंद्रकही त्या थरात कडेला सरकलेला असतो. ही रचना वनस्पतीच्या सोयीचीच आहे. पेशीद्रव्य प्रथिनांनी भरलेले, म्हणून बनवायला महाग. पाणी आणि क्षार त्या मानाने स्वस्त. पोटात पाणी भरून मोठी झालेली पेशी थोड्या खर्चात पान पसरवते, आणि हरितलवके कडेच्या थरात राहिल्याने त्यांना प्रकाश व कार्बन डायऑक्साइड सहज मिळतात. प्रतिकृती हे सर्व दडवते. आम्ही शेवटी तो निळा गोळा काढून टाकला आणि त्या जागी पाण्याने भरलेली प्लॅस्टिकची पिशवी बसवली, तेव्हा कुठे ती वर्गात नेण्याजोगी झाली.

तयार स्लाइडची पेटीही मला निराश करणारी ठरली, मात्र तिचा दोष वेगळ्या प्रकारचा आहे. पानाचा छेद, खोडाचा छेद, कांद्याचे मुळाग्र या स्लाइड बनवताना ऊती अल्कोहोलमधून नेऊन निर्जल करतात, मेणात बसवून कापतात आणि मग रंगवतात. या प्रक्रियेत रिक्तिकेतील पेशीरस आणि पाण्यात विरघळणारी रंगद्रव्ये धुऊन निघतात आणि उरते ती पांढरी मोकळी जागा. स्लाइड चुकीची नसते. पण ती पाहून मूल जो निष्कर्ष काढते तो चुकीचा असतो. अपवाद एकच, मुळाग्राची स्लाइड. तिच्यात टोकाजवळच्या, विभाजन होत असलेल्या पेशी दाट रंगलेल्या दिसतात, आणि वर लांब होत जाणाऱ्या पेशींकडे स्लाइड सरकवत गेले की आतल्या पांढऱ्या जागा मोठ्या होत होत एक होताना दिसतात. कोवळ्या पेशीतील लहान लहान रिक्तिका एकत्र येऊन मध्यवर्ती रिक्तिका कशी तयार होते, हे त्या एका काचपट्टीवर क्रमाने वाचता येते. त्या एका स्लाइडसाठी पेटीचे पैसे भरावेत का, हा प्रश्न उरतोच.

सूक्ष्मदर्शकाविषयी मात्र मी मोकळ्या मनाने चांगले लिहू शकते. आयपीस १० पट आणि ऑब्जेक्टिव्ह ४, १० व ४० पट, म्हणजे एकूण ४० ते ४०० पट मोठेपणा मिळतो, आणि शालेय पेशीविज्ञानाला यापेक्षा अधिक लागत नाही. कांद्याच्या सालीतील पेशी बहुधा पाव मिलिमीटर किंवा त्याहून थोडी लांब असते, म्हणून १०० पटींवरच ती भरघोस दिसते. खाली आरसाही आहे आणि एलईडी दिवाही. आम्हाला खिडकीतून येणारा सकाळचा उजेड आणि आरसा हीच जोडी जास्त मानवली. ४० पटींच्या भिंगाखाली कडेचा भाग थोडा धूसर येतो, पण मध्यभाग स्वच्छ आहे.

या सूक्ष्मदर्शकाचा खरा कस लागला तो लाल कांद्यावर. पुस्तिकेत कांद्याच्या पाकळीच्या आतल्या बाजूचा पारदर्शक पापुद्रा काढून त्यावर आयोडिन टाकावे असे लिहिले आहे. तसे केल्यास भित्तिका आणि केंद्रक दिसतात, रिक्तिका दिसत नाही. त्याऐवजी पाकळीच्या बाहेरच्या, जांभळ्या बाजूची साल घ्यावी. ती निघायला जरा हट्टी असते. ब्लेडने अगदी वरवर छोटा चौकोन आखावा, चिमट्याने एक कोपरा धरून सावकाश सोलावे, पाण्याच्या थेंबात पसरावे आणि कव्हरस्लिप तिरपी टेकवत हळू सोडावी, म्हणजे बुडबुडे अडकत नाहीत. कांदाही निवडून घ्यावा लागतो: पोळ किंवा रांगडा लाल कांदा गडद रंगाचा असतो, तर उन्हाळ कांद्याची लाली फिकी असल्याने स्लाइडवर ती जेमतेम जाणवते. आपल्या जिल्ह्यात राहून एवढा फरक माहीत असणे या प्रयोगापुरते तरी फार उपयोगी पडते. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी भाचीने आयपीसला डोळा लावला आणि ती म्हणाली, “मावशी, रंग ओतून भरल्यासारखा दिसतोय, विटाविटांत.” तिने पाहिले ते अगदी बरोबर होते. तो जांभळा रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा, ते पाण्यात विरघळलेले, आणि ते पाणी रिक्तिकेत. पेशीद्रव्य रंगहीन असल्याने जेवढा भाग रंगीत दिसतो तेवढी रिक्तिका, असे थेट बोट ठेवून सांगता येते.

त्यानंतर अर्धा पेला पाण्यात एक चहाचा चमचा मीठ विरघळवून त्याचा एक थेंब आम्ही कव्हरस्लिपच्या एका कडेला ठेवला आणि दुसऱ्या कडेला टिपकागदाचा तुकडा टेकवला. द्रावण ओढले जाताच दोन-तीन मिनिटांत जांभळा भाग आधी कोपऱ्यांतून सुटला, मग भित्तिकेपासून दूर होत आक्रसत गेला, आणि जसजसा लहान होई तसतसा अधिक गडद होत गेला. पाणी बाहेर पडत होते, रंगद्रव्य आतच राहत होते. भित्तिकेची चौकट जागची हलली नाही. रससंकोच हा शब्द मुलांनी वाचला होता, आता तो त्यांच्या डोळ्यांसमोर घडला. मग त्याच रीतीने साधे पाणी सोडले तेव्हा बहुतेक पेशींतील रंग पुन्हा पसरून कोपऱ्यांना भिडला. काही पेशी परत फुगल्या नाहीत, आणि त्या का फुगल्या नाहीत यावर मुलांची बराच वेळ चर्चा चालली. क्षारांच्या द्रावणांत वनस्पती पेशींचे हेच आकुंचन पाहणारे डच वनस्पतिशास्त्रज्ञ ह्यूगो द व्रीस यांनी १८८५ मध्ये रिक्तिकेभोवतीच्या एकपदरी पटलाला टोनोप्लास्ट हे नाव दिले. रंग आत राखून पाणी ये-जा करू देणारे ते पटल आम्हाला दिसले नाही, पण त्याची कडा दिसली.

या एका स्लाइडवरून स्वयंपाकघरातील कितीतरी गोष्टी उलगडतात. काकडीच्या कोशिंबिरीत मीठ घातल्यावर सुटणारे पाणी मुख्यतः रिक्तिकांतलेच असते. मलूल पडलेली मेथीची जुडी पाण्यात उभी ठेवली की ताठ होते, कारण रिक्तिका पाणी घेऊन भित्तिकेवर आतून दाब देतात. हा दाब मोटारीच्या टायरमधील हवेच्या दाबाच्या दुप्पट-तिप्पटही असू शकतो. कांदा चिरताना डोळ्यांत येणाऱ्या पाण्यालाही रिक्तिका कारणीभूत असते. ॲलिनेज हे विकर रिक्तिकेत बंद असते आणि ज्या गंधकयुक्त पदार्थांवर ते काम करते ते बाहेर पेशीद्रव्यात असतात. सुरीने पटल फाटले की दोन्ही एकत्र येतात आणि त्यातून पुढे डोळ्यांना झोंबणारा वायू बनतो. कांदा अखंड असताना रडवत नाही, याचे श्रेय त्या पातळ पटलाला आहे. अळूच्या पानांचेही तसेच: घशाला खाज आणणारे कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक काही खास पेशींच्या रिक्तिकांत तयार होतात, आणि देठाचा पातळ छेद घेतल्यावर ते ४०० पटींवर आम्हाला जुडीसारखे बांधलेले स्पष्ट दिसले. संचाच्या पुस्तिकेत यांपैकी एकाही गोष्टीचा उल्लेख नाही.

जानेवारीत द्राक्षे आली तेव्हा काळ्या द्राक्षाची साल पाहिली. बहुतेक काळ्या वाणांत रंग फक्त सालीच्या पेशींत असतो, गर रंगहीन असतो, आणि सूक्ष्मदर्शकाखाली ही सीमा विलक्षण सुंदर दिसते. येणाऱ्या मुलांपैकी एकाच्या मामांची दिंडोरीकडे बाग आहे. मण्यात पाणी उतरणे हा बागायतदारांचा नेहमीचा शब्दप्रयोग त्या मुलाला तोंडपाठ होता, पण ते पाणी नेमके कोठे उतरते हे त्याने कधी विचारले नव्हते. ते गराच्या पेशींतील रिक्तिकांत उतरते. याच टप्प्यात मणी मऊ होतो, रिक्तिकांत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज साठू लागते आणि मॅलिक आम्लाचे प्रमाण घटत जाते, म्हणून आंबट मणी गोड होतो. पक्व मणी साखरेने भरलेला असताना अवकाळी पाऊस झाला तर मुळांतून आणि सालीतूनही पाणी आत शिरते, रिक्तिका फुगतात, साल ताणली जाते आणि मण्यांना तडे जातात. वर्षाचे कष्ट असे एका रात्रीत तडकताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांच्या घरातील मुलाला परासरण, म्हणजे पटलातून होणारी पाण्याची ये-जा, हा प्रश्न-उत्तरापुरता धडा राहत नाही. तो मुलगा त्या दिवशी मामांना फोन करून हे सांगत होता, आणि मला या संचावर खर्च केलेला पैसा तेव्हा सर्वाधिक सत्कारणी लागल्यासारखा वाटला.

प्राणी पेशींच्या बाबतीत पुस्तिकेने मोठीच चूक केली आहे. वनस्पती आणि प्राणी पेशींतील फरकांच्या तक्त्यात प्राणी पेशीसमोर “रिक्तिका नसतात” असे सरळ छापले आहे. प्राणी पेशींत रिक्तिका असू शकतात. त्या लहान, संख्येने अनेक आणि पुष्कळदा तात्पुरत्या असतात. बाहेरचे कण आत घेणे, पचनासाठी त्यांना लयकारिकांशी, म्हणजे पाचक विकरांच्या पिशव्यांशी जोडणे, काही द्रव्ये साठवणे वा बाहेर टाकणे अशी कामे त्या करतात. पेशीला ताठ ठेवण्याचे काम त्यांच्याकडे नसते, कारण त्या दाबाला तोंड देणारी भित्तिकाच प्राणी पेशीभोवती नसते. गालाच्या आतील पेशी मिथिलीन ब्लूने रंगवून आम्ही पाहिल्या. केंद्रक दिसला, रिक्तिका दिसल्या नाहीत. न दिसणे आणि नसणे यांतला हा फरक मुलांना समजावून सांगायला मला अर्धा तास लागला, तोही छापील तक्ता समोर असताना, आणि छापलेले चूक असू शकते हे आठवीतल्या मुलांना पटवणे सोपे नसते.

संकोची, म्हणजे फुगून मिटणारी रिक्तिका पाहायची तर पॅरामेशियम या एकपेशीय जीवाकडे वळावे लागते. सोमेश्वरच्या बाजूला नदीकाठच्या डबक्यातील पाणी एका बरणीत घेऊन त्यात वाळके गवत टाकून आठवडाभर झाकून ठेवले आणि मग वरच्या थरातील थेंब घेतला. पॅरामेशियम फार वेगाने पळतो. कापसाचे चार तंतू विस्कटून स्लाइडवर ठेवले की तो त्यांत अडखळतो आणि निरखता येतो. ४०० पटींवर शरीराच्या दोन टोकांकडे दोन तारे दिसतात: मध्ये गोल पोकळी, भोवती किरणांसारख्या नलिका. नलिका भरतात, पोकळी फुगते, आणि एका क्षणी ती मिटून नाहीशी होते. इटालियन संशोधक स्पालांझानी यांनी १७७६ मध्ये हे तारे पाहिले आणि ते श्वसनाचे इंद्रिय असावेत असे त्यांना वाटले. पुढे कळले की गोड्या पाण्यात सतत आत शिरणारे पाणी उपसून काढण्याचे हे काम आहे. भाचीने घड्याळ लावून मोजले, दोन आकुंचनांमध्ये साधारण बारा सेकंद जात होते. पाण्यात अगदी किंचित मीठ मिसळल्यावर हे अंतर वाढले, कारण आत शिरणारे पाणीच कमी झाले. कांद्यात ज्या मिठाने रंग आक्रसला होता त्याच मिठाने इथे तारा सावकाश मिटू लागला, हे तिने स्वतःहून जोडले. हे सर्व दाखवणारे भिंग या किमतीत मिळते, ही या सूक्ष्मदर्शकाची मोठीच जमेची बाजू आहे.

पुस्तिकेविषयी आणखी एक तक्रार नोंदवते. तिच्यात रिक्तिकेचे वर्णन “साठवणूक करणारे अंगक” एवढ्या तीन शब्दांत संपवले आहे. लिंबाच्या रसाची आम्लता साधारण २ पीएच इतकी तीव्र असते आणि ते आम्ल ज्या रिक्तिकांत असते त्यांच्या पटलापलीकडे पेशीद्रव्य ७ च्या आसपास, म्हणजे जवळपास उदासीन राहते. हा फरक टिकवण्यासाठी पटलातील प्रथिनांचे पंप ऊर्जा खर्चून हायड्रोजन आयन सतत आत ढकलत असतात. वनस्पतींत आणि यीस्टमध्ये रिक्तिका पचनाचेही काम करते. उपाशी ठेवलेल्या यीस्टच्या रिक्तिकेत पेशीचेच जुने भाग जमा होताना जपानचे योशिनोरी ओसुमी यांनी साध्या प्रकाशीय सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि पेशीच्या त्या स्वभक्षणाच्या अभ्यासासाठी त्यांना २०१६ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. शाळकरी मुलांच्या पुस्तिकेत यातले एखादे वाक्य आले असते तर पानांची संख्या वाढली नसती.

बांधणी आणि सेवेबद्दल थोडक्यात सांगते. स्टेजवरील एक क्लिप तिसऱ्याच आठवड्यात सैल झाली. दुकानदारांनी ती बदलून दिली, परंतु त्यासाठी तीन फेऱ्या माराव्या लागल्या आणि दोन वेळा “माल येतोय, ताई” एवढेच उत्तर मिळाले. बारीक फोकसचा स्क्रू सुरुवातीला जड होता, वापराने मोकळा झाला. ४० पटींचे भिंग खाली आणताना मुलांनी दोन कव्हरस्लिप फोडल्या. भिंग स्लाइडवर टेकू नये म्हणून असणारा अटकाव या सूक्ष्मदर्शकात नाही, तेव्हा फोकस करताना भिंग वर नेत जावे, खाली आणत जाऊ नये, ही सवय पहिल्या दिवसापासून लावावी. पावसाळ्यात भिंगांवर बुरशी धरू नये म्हणून मी तो सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवणार आहे.

क्लिपसाठी तिसऱ्यांदा गेले तेव्हा चौकशी केली, तर सूक्ष्मदर्शक एकटाही मिळतो असे कळले आणि त्याची किंमत ४,९०० रुपये सांगितली गेली. घ्यायचा असल्यास तेवढाच घ्यावा, मुळाग्राची एक स्लाइड सुटी मागावी, आणि सोबत कोऱ्या काचपट्ट्यांचे एक पाकीट, कव्हरस्लिपची एक डबी, ड्रॉपर आणि टोकदार चिमटा घ्यावा. बाकीचे साहित्य भाजीबाजारात मिळते. कांदा मात्र लाल, घट्ट आणि गडद सालीचा निवडावा.